वरोरला रेंज शोधताना

माझी धाकटी बहीण वरोरला दिली आहे. डहाणू तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हापासून पालघरमध्ये आले. बहिणीकडे जायचे म्हणजे एरवी दोन दिवसांची सुट्टी, ताजी मासळी आणि खारा वारा. पण गेल्या जून महिन्यात गेलो तो वेगळ्याच कामासाठी. भाची बारावी पास झाली होती. पुढच्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. शुक्रवारी रात्री बहिणीचा फोन आला.

"दादा, तीन दिवस झाले. अर्ज भरला जातो, पण दाखले चढवायला गेलं की नुसतं चक्र फिरत राहतं. पोरगी रडकुंडीला आलीय. तू ये."

मी पेशाने कारकून. वीस वर्षे फायली हाताळल्या. आमच्या वस्तीतल्या संस्थेत दर जूनमध्ये मुलामुलींचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. तेव्हा हे काम आपल्याला जमणारच, अशा ऐटीत संस्थेचा जुना लॅपटॉप पिशवीत घातला आणि शनिवारी सकाळी डहाणूची लोकल पकडली.

ही लोकल २०१३ साली सुरू झाली. त्याआधी विरारच्या पुढे जायचे म्हणजे शटल नाहीतर पॅसेंजरची वाट पाहावी लागे. गाडीत एक मुलगा सोनेरी पट्ट्या विकत होता. "मोबाईलच्या मागे चिकटवा, रेंज डबल!" पन्नास रुपयांना एक. बहिणीच्या घरच्यांसाठी दोन घेतल्या. शंभर रुपये गेले. ते कसे गेले ते पुढे सांगतोच.

वाणगावला उतरलो. वाणगावची मिरची प्रसिद्ध. स्टेशनबाहेर मिरचीच्या गोणी, रिक्षांची रांग आणि चिंचणीकडे जाणारा रस्ता. पाऊस नुकताच पडून गेलेला. दोन्ही बाजूंना हिरवी कुंपणे, मध्येच चिकूच्या वाड्या, मग ताडामाडांची झाडे सुरू झाली की समजावे, समुद्र जवळ आला.

वरोरमध्ये शिरताना कानावर पहिला आवाज येतो तो हातोडीचा. टक्, टक्, टक्. या पट्ट्यात घरोघरी डायमेकिंगचा धंदा चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरायची, त्या डायवर पुढे सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे उठतात. आमचे दाजी हेच काम करतात. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. पूर्वी नक्षीचा नमुना कागदावर यायचा, आता मोबाईलवर येतो. म्हणजे रेंज गेली की दाजींचेही काम अडते, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली.

गावाच्या पश्चिमेला समुद्र. ओहोटीला खडक उघडे पडतात. जूनचा महिना म्हणजे मासेमारी बंद. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण हा मासळीच्या विणीचा काळ. त्यामुळे होड्या वर ओढून, प्लास्टिक आणि झावळ्यांनी झाकून ठेवलेल्या. बोंबील वाळवायच्या वलांड्या मोकळ्या उभ्या होत्या.

जेवण होताच कामाला बसलो. बहिणीने मागच्या पडवीत टेबल मांडले होते. पडवीला नवीन पत्रा. मी ऐटीत फोनच्या पाठीवर सोनेरी पट्टी चिकटवली. भाचीने विचारले, "मामा, याला वीज कुठून मिळते?"

मी गप्प. बारावी सायन्स झालेल्या पोरीने एका वाक्यात माझे शंभर रुपये पाण्यात घातले. तिचे खरे होते. लहर वाढवायची तर शक्ती लागते. नुसत्या कागदी पट्टीला ना बॅटरी ना यंत्र, ती काय वाढवणार? वाचकांनीही असल्या पट्ट्या घेऊ नयेत. काही लोक बाजारातून विजेवर चालणारा बूस्टर आणून गच्चीवर लावतात. त्याने आपली रेंज वाढते हे खरे, पण परवान्याशिवाय असे यंत्र बसवणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्याने आजूबाजूच्या सगळ्यांच्या फोनमध्ये अडथळा येतो. आपल्या घरात उजेड व्हावा म्हणून शेजाऱ्याची तार तोडण्यासारखेच ते आहे.

अर्ज उघडला. फोनवर रेंजच्या चारपैकी तीन काड्या दिसत होत्या. नाव, पत्ता, गुण सगळे भरले. जातीचा दाखला चढवायला घेतला आणि चक्र सुरू. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मग पडद्यावर आले, वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा. संध्याकाळपर्यंत सहा वेळा हेच झाले. दाजी म्हणाले, "काड्या तर तीन दिसतात, मग जात का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. पुढे समजून घेतले, ते इथे सांगतो, कारण सगळ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

मोबाईलचा मनोरा आपल्याशी बोलतो तो दहावीस वॅट किंवा त्याहून जास्त शक्तीने. आपला फोन त्याला उत्तर देतो तो जास्तीत जास्त पावशा वॅटच्या आसपास, साधारण ०.२ वॅटने. म्हणजे मनोऱ्याचा आवाज दवंडीसारखा, आपला आवाज कुजबुजीसारखा. फोनवरच्या काड्या एवढेच सांगतात की आपल्याला मनोरा किती ऐकू येतो. मनोऱ्याला आपण किती ऐकू जातो, ते काड्या सांगत नाहीत. म्हणून कमी रेंजच्या गावात व्हिडिओ पाहता येतो, पण दाखला चढत नाही. दुसऱ्याचे सगळे आपल्यापर्यंत येते, आपले मात्र वर पोहोचत नाही.

संध्याकाळी डोके शांत करायला समुद्रावर गेलो. एक वयस्क तांडेल होडीच्या सावलीत जाळे विणत बसले होते. त्यांना आमची अडचण सांगितली. ते हसले. म्हणाले, "भाऊ, समुद्रात गेलं की किनारा बुडतो, तशी रेंज पण बुडते. शेवटचा फोन करायचा तर आम्ही वर चढतो."

त्या माणसाने कधी पुस्तकात वाचले नसेल, पण सांगितले ते शास्त्रच. पृथ्वी गोल आहे. चाळीस मीटर उंच मनोऱ्यावरून क्षितिज दिसते ते सुमारे बावीस किलोमीटरवर. त्यापलीकडे लहर सरळ जाते आणि पाण्यावरचा माणूस खाली राहतो. जमिनीवर तर क्षितिजाच्या आधीच झाडे, भिंती, पत्रे आडवे येतात. म्हणून उंची ही पहिली युक्ती.

समुद्रात खोल गेलेल्या होडीला मोबाईलचा मनोरा कधीच पुरणार नाही. त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी होड्यांच्या संपर्क यंत्रणेची योजना सुरू झाली. सुमारे ३६० कोटी रुपयांची ही योजना. किनाऱ्यावरची १३ राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून एक लाख होड्यांवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे. हे यंत्र इस्रोने विकसित केले असून उपग्रहामार्फत चालते. महत्त्वाची बाब ही की ते दोन्ही बाजूंनी बोलते. वादळाचा इशारा होडीला मिळतो, आणि होडी संकटात असेल तर तिची हाक किनाऱ्याला पोहोचते.

त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. वाढवण म्हणजे वरोरचे शेजारचे गाव. ७६ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प. डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला होता, त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटींसह संमती दिली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा व गावकऱ्यांचा विरोध या काळात सतत राहिला. या वादात कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. पण अशा प्रकल्पाचे अहवाल, नोटिसा, हरकतीचे अर्ज हे सगळे आता संकेतस्थळावर असते. शेकडो पानांचा अहवाल उतरवून घेता आला नाही, हरकत चढवता आली नाही, तर ज्याचे आयुष्य त्या किनाऱ्यावर आहे त्याचे म्हणणे कागदावर येणार कसे? भाचीचा दाखला आणि तांडेलांची हरकत, दोन्ही त्याच चक्रात अडकतात.

घरी परतलो तेव्हा भाची माळ्यावर होती. जुने कौलारू घर, माळ्याला चिंचणीच्या बाजूने एक लहान खिडकी. तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमच्या माहितीतला आकडा काढला होता. काड्यांपेक्षा हा आकडा खरा. तो डीबीएममध्ये असतो आणि उणे असतो. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे कमकुवत, उणे ११५ च्या पलीकडे कामाचे नाही. दर दहाच्या फरकाला शक्ती दहापट बदलते. पडवीत पत्र्याखाली आकडा होता उणे ११८. माळ्याच्या खिडकीत उणे ९८. वीसचा फरक, म्हणजे शंभर पट! ज्या पत्र्याखाली आम्ही दिवसभर घाम गाळला, तोच आमचा शत्रू होता. धातू लहर अडवतो. कौले त्या मानाने बरीच जाऊ देतात.

तिने आणखी एक गंमत दाखवली. खिडकीतच फोन वीतभर सरकवला की आकडा चार-पाचने बदलायचा. असे का? लहर सरळ येते तशी भिंतीवरून, झाडावरून आपटूनही येते. कुठे दोन लहरी मिळून जोर वाढतो, कुठे एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झची लहर साधारण सोळा-सतरा सेंटिमीटर लांब असते, म्हणून वीतभर अंतरात फरक पडतो. तेव्हा रेंज नाही म्हणून गावभर फिरण्याआधी फोन त्याच खिडकीत सावकाश सरकवून पाहावा.

मग आम्ही बेत केला. माझा फोन खिडकीत ठेवायचा, त्याचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि लॅपटॉप खाली स्वयंपाकघरात. बहिणीने स्टीलचा डबा आणला, फोन ठेवायला. भाची ओरडली, "आई, स्टील नको!" शेवटी भाजीची प्लास्टिकची टोपली खिडकीच्या खिळ्याला टांगली आणि फोन तिच्यात उभा ठेवला. हातात धरला तर आपल्या शरीरातले पाणीच लहर शोषते, म्हणून टोपली बरी. हॉटस्पॉटमध्ये दोन पर्याय असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेगवान, पण भिंतीत अडतो. २.४ चा हळू, पण माळ्यावरून खाली पोहोचतो. आम्ही २.४ घेतला. दोन खोल्यांचे अंतर नसेल तर चार्जरची तार लावून फोन थेट लॅपटॉपला जोडावा, ते आणखी पक्के.

फोन फाईव्ह-जी पकडायचा आणि सोडायचा. सेटिंगमध्ये जाऊन फोर-जीवर ठेवला. फाईव्ह-जी बऱ्याच ठिकाणी ३३०० मेगाहर्ट्झच्या वर चालते, ती लहर जवळच थकते. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. दाजींकडे दुसऱ्या कंपनीचे सिम होते, तेही तपासले. माळ्यावर माझेच बरे निघाले. २०२५ पासून मोबाईल कंपन्यांना आपला कव्हरेजचा नकाशा संकेतस्थळावर ठेवावा लागतो. प्रवासाला निघण्याआधी तो पाहून कोणते सिम न्यायचे ते ठरवता येते.

तरी रात्री दहाला पहिला दाखला चढेना. आता माझी कारकुनी कामाला आली. दाखल्याचा फोटो होता चार एमबीचा. समजा आपल्याला वर पाठवायला सेकंदाला पन्नास किलोबिटचा वेग मिळतोय. चार एमबीला लागतील दहा मिनिटांहून जास्त, आणि तोवर संकेतस्थळ आपल्याला बाहेर काढते. तोच कागद दोनशे केबीचा केला तर अर्ध्या मिनिटात जातो. मी सहाही कागद काळ्या-पांढऱ्यात, लहान करून घेतले. अक्षरे स्पष्ट वाचता येतील एवढी काळजी घेतली.

दाजी म्हणाले, "आता झोपा. रात्री सगळं गाव व्हिडिओ बघतं." हेही खरे. रेंज आणि गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी. एका मनोऱ्याची वाट सगळ्यांत वाटली जाते. मध्यरात्री पाऊस आला, वीज गेली. पाऊस स्वतः मोबाईलच्या लहरीला फारसा अडवत नाही. ओली दाट झाडी जास्त अडवते, आणि वीज गेली की मनोराही बॅटरीवर जातो. माझा फोन तापला होता, कारण रेंज कमी असली की तो जोर लावून बोलतो आणि बॅटरी लवकर खातो. पॉवर बँक होती म्हणून निभावले.

पहाटे साडेचारला भाचीने उठवले. टोपलीतला फोन दहा सेकंद विमान मोडवर टाकून परत सुरू केला, म्हणजे तो मनोरा नव्याने शोधतो. खाली लॅपटॉपवर पहिला दाखला. चक्र फिरले आणि हिरवी खूण आली. दुसरा, तिसरा. बहीण चुलीपाशी बसून मोजत होती. सहावा कागद चढला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. ओटीपी आला. अर्ज सादर झाल्याची पावती पडद्यावर आली तेव्हा कुणी बोललेच नाही. भाचीने पावतीचा फोटो काढला, दोनदा. मग बहिणीने चहा ठेवला.

सोमवारच्या मुदतीआधी एक अख्खा दिवस हातात होता. तो मी विचार करण्यात घालवला. एका घराने माळा शोधला, टोपली टांगली, पहाटे उठले, म्हणून एका मुलीचा अर्ज गेला. ज्या घराला माळा नाही, ज्याच्याकडे एकच साधा फोन आहे, त्याने काय करावे? २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीला रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून भर पावसात अभ्यास करावा लागला, हे आपण वाचले होते. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले. पण शिक्षणासाठी डोंगर चढावा लागू नये, हे जास्त महत्त्वाचे. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन खटल्यात इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगी जीवनाच्या हक्काचा भाग मानला, आधार घेतला संविधानाच्या २१ व्या कलमाचा. ही गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी.

आणि उपाय दूर नाही, आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघरमधील खामलोली परिसरात 'ग्राम मार्ग' हा प्रयोग केला. टीव्हीसाठी राखलेल्या, पण न वापरल्या जाणाऱ्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरींवरून त्यांनी एका ठिकाणची जोडणी आसपासच्या गावांत पोहोचवली. ही लहर झाडीतून आणि लांब जाते. पुढे हे काम पंचवीस गावांपर्यंत गेले आणि २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावालाही आपल्या जोडणीवरून लोकांना थोड्या पैशांत वायफाय देऊ शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणीचे शुल्क नाही. ज्यांना गावात काहीच मिळत नाही त्यांनी स्टेशनही विसरू नये. रेल्वेच्या हजारो स्टेशनांवर रेलटेलचे वायफाय असून पहिली तीस मिनिटे फुकट असतात. कागद आधी लहान करून नेले तर अर्ध्या तासात अर्ज होतो.

दुपारी दाजींबरोबर नाक्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानात फायबरची जोडणी होती, मालकाच्या मुलासाठी घेतलेली. वायफायची गोष्ट काढली. त्यांनी आधी नको म्हटले, मग विचारले, "माझं बिल निघेल का त्यातनं?" भाचीने वहीत हिशेब मांडून दाखवला. "बघू," म्हणाले. त्याच वहीच्या मागच्या पानावर भाचीने ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला: ग्रामपंचायतीत येणारी जोडणी जून-जुलै महिन्यांत संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवावी. खाली पहिली सही तिची, दुसरी दाजींची. तिसरी सही तांडेलांनी केली. ते म्हणाले, "माझ्या नातीला पण लागेल."

परतीच्या गाडीत तोच मुलगा सोनेरी पट्ट्या विकत होता. मी दुसऱ्या खेपेला घेतल्या नाहीत. माझ्याजवळ बसलेल्या बाई घेत होत्या, त्यांना म्हटले, "ताई, पन्नास रुपये वाचवा. घरी गेल्यावर खिडकीत एक प्लास्टिकची टोपली टांगा."

पुढच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. आवाज अगदी स्वच्छ होता. भाचीचे नाव पहिल्या यादीत लागले होते. मी विचारले, "कुठून बोलतेस?"

"माळ्यावरनं," ती म्हणाली. "भाजीला आता दुसरी टोपली आणलीय."